गावठाण, सेक्टर आणि मेंदूतला नकाशा

पनवेल स्टेशनाच्या रुळांनी शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला जुनं पनवेल, पूर्वेला न्यू पनवेल. पश्चिमेकडे कुणाला पत्ता विचारला, तर टपाल नाका, उरण नाका, लाइन आळी, कोळीवाडा, वडाळे तळं अशी नावं एकामागून एक येतात; कुठल्या देवळापाशी वळायचं आणि कुठल्या दुकानासमोर थांबायचं हेही सांगितलं जातं. पूर्वेकडे त्याच प्रश्नाला सेक्टरचा आकडा, प्लॉटचा आकडा आणि सोसायटीचं नाव एवढं उत्तर पुरतं. दोन्ही उत्तरं बरोबर असतात आणि दोन्हींनी माणूस घरी पोचतो. पण ही उत्तरं देणारी माणसं लहानपणी ज्या रस्त्यांवर वाढली, त्या रस्त्यांनी त्यांच्या मेंदूत काय घडवलं, हा प्रश्न आता प्रयोगशाळांमध्ये गांभीर्याने विचारला जातो आहे.

जुनं पनवेल कुणी एकाने कागदावर आखलेलं नाही. गाढी नदी आणि खाडीच्या काठाने, एकीकडे बंदर आणि दुसरीकडे घाटावर जाणारी वाट यांच्या ओढीने ते वाढत गेलं. मुंबईहून पडावांनी आलेला माल इथे उतरायचा आणि बैलगाड्यांतून बोरघाटाकडे निघायचा. गाड्यांची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा होता. १८५२ साली इथे नगरपालिका आली. गल्ल्या वाड्यांच्या भिंतींमागे वळल्या, तळ्यांना वळसा घालून गेल्या, कुठे अचानक रुंद झाल्या, कुठे सायकलपुरत्या उरल्या.

रुळांपलीकडचं शहर १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने वसवलं. न्यू पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती आधी आराखड्यावर आल्या आणि मग जमिनीवर. रस्त्यांच्या रुंद्या ठरलेल्या, सेक्टरांना क्रमांक दिलेले, शाळा, बाजार आणि उद्यानांच्या जागा राखलेल्या. आणि या दोन्हींच्या भोवती तिसरं पनवेल आहे: आगरी गावं, खाडीकाठचे कोळी, कर्नाळा आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली तेव्हा यातला बराच भाग एका हद्दीत आला. बालपणाचे इतके निरनिराळे भूगोल काही किलोमीटरांच्या आत क्वचितच पाहायला मिळतात.

चार लाख होड्या

२०१६ साली ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइलवरचा खेळ निघाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ह्यूगो स्पायर्स आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. खेळात होडी हाकायची असते. आधी नकाशा डोळ्यांखालून घालायचा, मग तो नाहीसा होतो आणि आठवणीच्या भरवशावर पाण्यातल्या फाट्यांमधून ठरलेली ठिकाणं क्रमाने गाठायची. लोकांनी करमणूक म्हणून तो खेळला. संशोधकांना मात्र दिशा आणि वाटा लक्षात ठेवण्याच्या क्षमतेची एवढी मोठी मोजणी त्यापूर्वी कधीच करता आली नव्हती.

‘नेचर’ या नियतकालिकात २०२२ साली या खेळातून निघालेला एक अभ्यास छापून आला. ३८ देशांतल्या जवळजवळ ४ लाख खेळाडूंची कामगिरी, आणि ते कुठे वाढले याची त्यांनीच दिलेली माहिती, असं दोन्ही एकत्र तपासलं होतं. शहराबाहेर वाढलेली माणसं सरासरीने वाट शोधण्यात सरस निघाली. वय, शिक्षण, स्त्री की पुरुष हे सगळं हिशोबात धरल्यावरही हा फरक उरला. माणूस आज कुठे राहतो यापेक्षा तो कुठे वाढला याचा प्रभाव इथे दिसत होता.

पुढचा निष्कर्ष शहरांच्या रचनेबद्दल होता. शिकागोसारख्या, रस्ते काटकोनात छेदणाऱ्या शहरात वाढलेल्यांची आणि खेड्यात वाढलेल्यांची तुलना केली की अंतर मोठं होतं. प्रागसारख्या, शतकानुशतकं वाकडंतिकडं वाढत गेलेल्या शहरांत ते कमी होतं. शिवाय, चौकटीच्या रस्त्यांवर वाढलेली माणसं खेळातल्या सरळ, नियमित रचनेच्या टप्प्यांवर चांगली खेळत होती; वेड्यावाकड्या फाट्यांच्या टप्प्यांवर खेड्यातली आणि जुन्या शहरांतली माणसं पुढे जात होती. लहानपणी मेंदूला ज्या प्रकारचं कोडं रोज पडलं, त्या प्रकारात तो तरबेज झाला.

सिडकोच्या वसाहती शिकागोइतक्या काटेकोर चौकटीच्या नाहीत, आणि जुनं पनवेलही प्राग नाही. शिवाय हे सरासरीचे फरक आहेत. एखाद्या मुलाचं भविष्य त्यातून काढता येत नाही. तरीही या अभ्यासाने एक गोष्ट ठळक केली. नगररचनेचा आराखडा पाणी, गटारं आणि वाहतूक यांच्या सोबत मुलांच्या मेंदूबद्दलही काही ठरवत असतो, आणि आराखड्यावर सही करताना हा विचार क्वचितच कुणाच्या मनात येत असेल.

आठवण आणि वाट, एकाच जागी

हे घडतं कुठे? कानाच्या थोडं आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, वळलेल्या समुद्रघोड्यासारख्या आकाराचा एक भाग असतो. शास्त्रज्ञ त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचं महत्त्व एका दुर्दैवी शस्त्रक्रियेने जगाला कळलं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणं थांबलं. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला अनोळखी वाटायचा. २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याची ही अवस्था टिकली. याच मोलेसनला, शस्त्रक्रियेनंतर राहायला गेलेल्या घराचा आराखडा मात्र बऱ्यापैकी काढता यायचा. आसपासचे काही भाग शाबूत होते, आणि वर्षानुवर्षं त्याच खोल्यांतून रोज वावरून घराचा आकार हळूहळू आत उतरला होता.

याच अवयवात नकाशाही असतो, हे १९७१ साली समोर आलं. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या खोलीतल्या एका ठराविक जागी उंदीर पोचला की चेतवल्या जात. एक पेशी या कोपऱ्यासाठी, दुसरी त्या भिंतीजवळच्या जागेसाठी. २००५ साली नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात जागेवर षटकोनी जाळं टाकणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. घटना आणि ठिकाण एकाच यंत्रणेत नोंदलं जातं, म्हणून जुन्या वाड्याच्या पायरीवर पाऊल ठेवताच वीस वर्षांपूर्वीची दुपार अख्खी समोर उभी राहते.

हा अवयव मुळात तयार कसा होतो, यावर मुंबईत मोलाचं काम झालं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या भ्रूणांवर संशोधन केलं. मेंदूच्या कडेचा एक छोटा पट्टा शेजारच्या पेशींना ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा’ असा संकेत देतो. एलएचएक्स२ नावाचं जनुक बाकीच्या भागाला तो पट्टा होण्यापासून रोखतं. हे जनुक ठिकठिकाणी बंद केल्यावर भलत्याच जागी नवे पट्टे उगवले आणि त्यांच्या शेजारी जादा हिप्पोकॅम्पस तयार झाले. २००८ साली हे संशोधन ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं; २०१४ साली तोळे यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला. जनुकं अवयवाची जागा आणि बांधणी ठरवतात. जन्मानंतर त्या बांधणीत काय भरायचं हे मात्र त्या जिवाला भेटणाऱ्या जगावर अवलंबून राहतं.

कर्नाळ्याचा सुळका

पनवेल परिसरात दिशा धरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली एक खूण आहे: कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका. गोव्याच्या रस्त्यावरून, भातखाचरांतून, खाडीतल्या होडीतून तो दिसतो. किल्ल्याभोवतीच्या जंगलात १९६८ साली अभयारण्य झालं, पण गावकऱ्यांसाठी सुळका त्याआधी कितीतरी शतकं दिशा सांगत होता.

अशा दूरच्या, न हलणाऱ्या खुणांना मेंदूत खास मान आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या जेम्स रँक यांनी उंदरांत दिशेच्या पेशी दाखवल्या. डोकं एका ठराविक दिशेला वळलं की त्यातली ठराविक पेशी बोलू लागते. प्रयोगाच्या गोल खोलीत भिंतीवर एकच पांढरा कागद लावला आणि उंदराच्या नकळत तो फिरवला, तर या पेशींचा आणि जागेच्या पेशींचा सगळा नकाशा कागदासोबत फिरतो. दूरची खूण हा त्या नकाशाचा खुंटा आहे.

आता कामोठ्यात किंवा करंजाड्यात वाढणाऱ्या मुलासाठी तो खुंटा बहुधा बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतींमागे असतो. एका टॉवरसारखाच दुसरा टॉवर, एका गेटसारखंच दुसरं गेट. सेक्टरचा आकडा वाचून घर सापडतं, पण आकड्याने मेंदूतल्या दिशेच्या पेशींना काही आधार मिळत नाही. त्यांना डोंगराची कड, पाण्याची बाजू, देवळाचा कळस असं काहीतरी लागतं. नव्या वसाहती आखताना एखादा रस्ता सुळक्याच्या रोखाने मोकळा ठेवणं, तळ्याकडची बाजू न झाकणं, चौकांना एकमेकांपासून वेगळा चेहरा देणं हे सौंदर्याचे लाड मानले जातात. मेंदूच्या दृष्टीने या कामाच्या गोष्टी आहेत.

मीटर, शेअर आणि मोबाइल

मोठेपणी हा नकाशा बदलू शकतो का, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिलं. काळी टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवायचा तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते आणि हजारो ठिकाणं पाठ लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मग्वायर यांनी २००० साली १६ चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता, आणि जितकी जास्त वर्षं टॅक्सी चालवलेली, तितका अधिक मोठा.

मूळचा मोठा हिप्पोकॅम्पस असलेलीच माणसं या धंद्यात येत असतील, अशी शंका रास्त होती. म्हणून मग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ उमेदवारांना तयारीच्या सुरुवातीलाच गाठलं. त्यातले ३९ जण परवाना मिळवून बाहेर पडले. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखे होते. काही वर्षांनी, फक्त उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात वाढ दिसली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रौढ माणसाचा मेंदूही शिकताना आकाराने बदलतो, याचा हा स्वच्छ पुरावा होता. त्याची किंमतही नोंदली गेली आहे: अनुभवी चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान होता, आणि गुंतागुंतीची नवी आकृती पाहून नंतर आठवणीने काढण्यात ते मागे पडत.

२००६ साली याच गटाने टॅक्सीचालकांशेजारी लंडनचे बसचालक बसवून पाहिले. तेच शहर, तीच गर्दी, चाकामागची तेवढीच वर्षं. बसचालकांत ती वाढ नव्हती, कारण बस ठरलेल्या मार्गाने जाते. पनवेल स्टेशनाबाहेर या दोन कामांचे नमुने रोज शेजारीशेजारी उभे असतात. शेअर रिक्षा ठरलेल्या नाक्यावरून ठरलेल्या नाक्यापर्यंत दिवसभर ये-जा करते. स्पेशल भाडं घेणाऱ्याला कधी टक्का वस्तीच्या आतल्या गल्लीत शिरावं लागतं, कधी सुकापूर, कधी विचुंबे. पावसात एक रस्ता तुंबला तर दुसरा मनात तयार ठेवावा लागतो. चाकामागचे तास सारखेच भरतात, पण मेंदूला पडणारं काम निराळं.

आता हँडलवर मोबाइल आला आहे. पार्सल पोचवणारा तरुण निळ्या रेषेमागून दिवसभरात किती घरं गाठतो, पण ती गल्ली त्याच्या डोक्यात उतरते का? कॅनडातल्या लुइझा दहमानी आणि व्हेरोनिक बोबो यांनी २०२० साली ५० चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यभरात जीपीएस अधिक वापरणाऱ्यांची, त्याच्या मदतीशिवाय वाट शोधतानाची स्मृती कमजोर होती. त्यातल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांची घसरणही जास्त होती. संख्या लहान आहे, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायला हवा.

२०२४ च्या अखेरीस ‘बीएमजे’मध्ये याला पूरक अशी पाहणी आली. अमेरिकेतल्या सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदी ४४३ व्यवसायांनुसार तपासल्या होत्या. अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालकांत सर्वांत कमी होतं. बसचालक आणि वैमानिकांत तसं आढळलं नाही. यावरून टॅक्सी चालवल्याने अल्झायमर टळतो असं म्हणता येणार नाही, आणि संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण जागच्या जागी वाट ठरवण्याच्या रोजच्या कामाकडे आता मेंदूच्या आरोग्याचा भाग म्हणून पाहिलं जाऊ लागलं आहे.

व्हॅनमधलं मूल

सकाळी सात वाजता न्यू पनवेल किंवा खारघरच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर स्कूल व्हॅन थांबते. मूल चढतं, वीस मिनिटांनी शाळेच्या गेटवर उतरतं. रस्ता त्याने खिडकीतून पाहिलेला असतो. पाहणं आणि चालणं यांत मेंदूला काय फरक पडतो?

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. अंधारात वाढवलेली दोन पिल्लं रोज काही वेळ एका गोल, पट्ट्यापट्ट्यांच्या खोलीत सोडली जात. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी फिरे. दुसरं त्याला जोडलेल्या पाळण्यात बसून फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून तेच दृश्य तितक्याच वेगाने सरकत होतं. नंतरच्या चाचण्यांत चालणाऱ्या पिल्लाला खोलीचा, कडेचा, अंतराचा अंदाज नीट आला होता. पाळण्यातल्याला आला नव्हता. डोळे उत्तम असूनही ते कड्यावर फसत होतं. मोकळं सोडल्यावर तेही शिकलं. पाहिलेलं जग शरीराच्या हालचालीशी जोडलं गेलं, तरच मेंदू त्याचा उपयोग करायला शिकतो.

मुलांचं एकटं फिरणं किती वेगाने आटतं याची नोंद इंग्लंडमध्ये आहे. तिथे १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं शाळेत एकटी जात होती. १९९० साली ९ टक्के. पनवेलच्या पालकांची भीती निराधार नाही. कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सुरू होतो, वसाहतींच्या रस्त्यांवर अवजड वाहनं येतात, पदपथ दुकानांनी आणि दुचाक्यांनी व्यापलेले असतात. म्हणून हा प्रश्न एकट्या आईबापांच्या धैर्यावर सोडता येत नाही. महापालिकेने शाळेभोवतीचा अर्धा किलोमीटर मुलांना चालण्याजोगा केला, तर त्यातून मुलांच्या हिप्पोकॅम्पसला रोजचा व्यायाम मिळेल.

परिसराने मेंदू बदलतो हे प्रयोगाने दाखवायला सुरुवात झाली तीही साध्या निरीक्षणातून. कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी काही उंदीर घरी नेऊन मुलींना पाळायला दिले. घरभर हुंदडलेले ते उंदीर चाचण्यांत पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा हुशार निघाले. मग १९६० च्या दशकात बर्कलीमध्ये मार्क रोझेन्झ्वाइग आणि मॅरियन डायमंड यांनी सोबती, शिड्या आणि बदलत्या वस्तूंच्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूची साल जाड झाल्याचं मोजून दाखवलं. १९९७ साली फ्रेड गेज यांच्या गटाला अशा समृद्ध पिंजऱ्यातल्या मोठ्या वयाच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त नव्या पेशी टिकलेल्या आढळल्या. माणसात मोठेपणी अशा पेशी किती तयार होतात, यावर मतभेद आहेत. पेशींमधल्या जोडण्या बदलत राहतात यावर नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. कर्नाळ्याच्या पायथ्याचं कातकरी मूल रानभाज्या, चिंबोऱ्या आणि ओढ्यांच्या शोधात रोज मैलोगणती फिरतं, म्हणजे त्याच्या मेंदूला सगळं मिळालं, असं समजणं अन्याय ठरेल. कातकरी हा केंद्राच्या यादीतला अतिशय दुर्बल आदिवासी गट आहे. पावसाळा सरला की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. परिसरात ताटातलं अन्नही येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि बालकांचा दीर्घ अभ्यास चालवला. गर्भारपणात ज्या आयांच्या रक्तात बी१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या स्मृतीच्या चाचणीत मागे पडली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. मूल पहिलं पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी त्याच्या स्मृतीचा भूगोल आईच्या जेवणातून लिहिला जाऊ लागतो.

भीती आणि ताण हाही परिसरच. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ साली दाखवलं, की दीर्घकाळच्या ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि भीती हाताळणाऱ्या अमिग्डालातल्या फांद्या पसरतात. आठवण आणि वाट यांचं घर लहान होतं, धास्तीचं मोठं. टाटा संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने बालपणीच्या ताणाचे मेंदूवरचे दूरगामी परिणाम अभ्यासले आहेत. फिरायला मोकळा रस्ता हवाच, पण तो पोटभर अन्न आणि सुरक्षित घर यांच्या जोडीने हवा.

जिथे डोंगर होता

पनवेल तालुक्याचा भूगोल गेल्या दशकात जितका बदलला, तितका आधीच्या शंभर वर्षांत बदलला नसेल. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झालं आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन. सुमारे ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलव्याचा डोंगर सुरुंगांनी सपाट केला, उलवे नदीचं पात्र वळवलं. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे अशी दहा गावं आणि वस्त्या उठल्या. त्यांतली अनेक कुटुंबं पुष्पकनगरच्या आखीव भूखंडांवर आली.

जमिनीचा मोबदला, साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराचं बांधकाम या प्रश्नांवर गावकरी वर्षानुवर्षं लढले. आणखी एक नुकसान कुठल्याही पंचनाम्यात बसलं नाही. सत्तर वर्षांच्या आगरी शेतकऱ्याच्या डोक्यात मिठागराचा बांध, होळीची जागा, विहिरीकडची वाट, भरतीला बुडणारी पायवाट यांचा नकाशा असतो. त्या नकाशातला डोंगरच जमिनीवरून गेला.

मेंदू नव्या जागेसाठी नवा नकाशा करतो. उंदीर नव्या खोलीत गेला की त्याच्या जागेच्या पेशी नव्याने वाटून घेतल्या जातात. तरुण प्राण्यांत हे काही मिनिटांत होतं. म्हाताऱ्या प्राण्यांत यंत्रणा अडखळते. कॅरल बार्न्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं, की वृद्ध उंदीर ओळखीच्या जागी परतल्यावर कधीकधी भलताच नकाशा उघडला जातो. पुढच्या एका अभ्यासात काही वृद्ध उंदरांच्या पेशी नव्या खोलीतही जुनाच नकाशा धरून बसल्या, आणि तेच उंदीर नवी वाट शिकण्यात सर्वांत मागे पडले.

म्हणून पुनर्वसित वस्तीत, किंवा पुनर्विकासासाठी वाडा पाडल्यावर खारघरच्या अकराव्या मजल्यावर लेकाकडे राहायला आलेल्या आजींच्या बाबतीत, ‘सवय होईल हळूहळू’ एवढं पुरत नाही. सवय करून द्यावी लागते. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. अल्झायमरमध्ये सगळ्यात आधी बाधित होणाऱ्या भागांत मोसर यांना सापडलेल्या जाळ्याच्या पेशी जिथे असतात तो भागही येतो. त्यामुळे ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हे नावं विसरण्याइतकंच गंभीर लक्षण आहे, आणि ‘वयामुळे होतं’ म्हणून ते सोडून देऊ नये.

उपाय मात्र साधे आहेत. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये दीर्घ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांना पुढे समृद्ध परिसर दिला, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधलं नव्या पेशींचं प्रमाण आणि शिकण्याची क्षमता सावरली. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. माणसांत, २०११ साली कर्क एरिक्सन यांच्या गटाने १२० वृद्धांवर प्रयोग केला. निम्म्यांनी वर्षभर नियमित, दमदार चालायचं. बाकीच्यांनी फक्त अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला, इतरांचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. वडाळे तळ्याच्या काठाने सकाळी फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी गुडघे आणि साखर यांच्यासाठी चालतात. त्याच फेरीत त्यांची स्मृतीही राखली जाते. आठवड्यातून दोन दिवस त्यांनी तळ्याची फेरी सोडून वेगळ्या गल्लीने जावं, परतताना वाट बदलावी, म्हणजे पायांसोबत नकाशालाही काम मिळेल.

मुलांसाठीची सोय शाळेच्या दप्तरातच आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्ह्यानुसार काढते. रायगडच्या मुलांना रायगडचं पुस्तक मिळतं, आणि नकाशाशी त्यांची ओळख याच वयात होते. पनवेलच्या शाळा या पुस्तकाला जोडून एक उपक्रम करू शकतात. मुलांनी आधी घर ते शाळा हा रस्ता आठवणीने काढायचा, मग शिक्षकांसोबत तो चालायचा, आणि परत येऊन पुन्हा काढायचा. सेक्टरमधल्या मुलांनी एकदा गावठाणातून चालावं, गावठाणातल्यांनी सेक्टरमधून. कोळीवाड्यातल्या आजोबांनी खाडी कुठून कुठे वाहते ते सांगावं. पुष्पकनगरच्या शाळेत प्रत्येक मुलाचे दोन नकाशे व्हावेत: एक आजच्या वस्तीचा, दुसरा आजी-आजोबांनी सांगितलेल्या, धावपट्टीखाली गेलेल्या गावाचा. यासाठी कागद, पेन्सिली आणि सोबत चालणारी चार मोठी माणसं लागतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेचा वेळ पुरतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच शनिवारी सुरुवात करता येईल.